बाहेर कोणी नसलेल्या बायका

न्यायालयाने जामीन मंजूर केला की माणूस तुरुंगातून बाहेर येतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात जामिनाच्या आदेशानंतर दुसरेच काम सुरू होते. जामीनदार शोधावा लागतो. त्याचे रेशनकार्ड, पगाराची पावती किंवा सातबाऱ्याचा उतारा, घरपट्टीची पावती आणि बऱ्याचदा तहसीलदाराकडचा ऐपतीचा दाखला गोळा करावा लागतो. त्याला कामधंदा बुडवून न्यायालयात उभे करावे लागते, पडताळणी होईपर्यंत हेलपाटे घालावे लागतात आणि मग सुटकेचा कागद कारागृहात वेळेत पोचला की नाही हेही पाहावे लागते. यातले एकही काम आत असलेल्या माणसाला करता येत नाही. केवळ जामीनच नव्हे, तर आपली सारी तुरुंगव्यवस्था असे एक बाहेरचे माणूस गृहीत धरून चालते: वकील गाठणारे, कँटीनसाठी मनीऑर्डर पाठवणारे, मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, येणारे, मुलांना सांभाळणारे, रजेसाठी हमी देणारे आणि सुटकेच्या दिवशी फाटकाशी उभे राहणारे. पुरुष कैद्याच्या बाबतीत हे गृहीतक पुष्कळदा खरे ठरते, कारण त्याच्यामागे आई, बायको किंवा बहीण असते. स्त्रीच्या बाबतीत तेच सर्वांत आधी कोसळते. तिच्या तुरुंगवासातील आणि त्यानंतरच्या बहुतेक अडचणींचे मूळ मला येथे दिसते, आणि म्हणून त्यांवरचा उपाय बराकींच्या डागडुजीपुरता राहू शकत नाही. ज्या बाईमागे कोणी उरलेले नाही तिच्यामागे शासनाने पगारी आणि जबाबदार माणूस उभे केले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांत २३,७७२ स्त्रिया होत्या. शंभरात चार. यांपैकी दर चार बायकांमागे तीन कच्च्या कैदी, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही अशा. केवळ स्त्रियांसाठी असलेले तुरुंग देशभरात ३४. संख्या कमी आहे हे खरे तर सुधारणेसाठी सोयीचे असायला हवे होते, परंतु प्रशासनात उलटे घडते. ज्यांची संख्या कमी त्यांच्यासाठी स्वतंत्र डॉक्टर, स्वतंत्र कार्यशाळा, स्वतंत्र वाचनालय कशाला, असा विचार न बोलता होत राहतो. बहुसंख्य स्त्री कैदी पुरुषांच्या तुरुंगाच्या आवारातील भिंतीआडच्या एखाद्या छोट्या विभागात राहतात. दवाखाना, कारखाना, वाचनालय भिंतीपलीकडे, पुरुषांच्या भागात. तेथे त्यांना मोकळेपणाने जाता येत नाही, आणि महिला कर्मचारी पुरेशा नसल्याने नेऊन आणणारेही कोणी नसते. त्यामुळे मोठ्या तुरुंगाच्या आवारात राहूनही त्यांचे जग दोन-तीन बराकी आणि एका अंगणापुरते उरते.

यावर उपाय म्हणून बायकांना स्वतंत्र महिला कारागृहात ठेवावे, असे सहज सुचते. महाराष्ट्रात येरवडा आणि भायखळा ही त्यासाठीची परिचित नावे. परंतु येथे एक खरा पेच आहे आणि तो सुटसुटीत उत्तर देऊन बाजूला ठेवता येत नाही. स्वतंत्र महिला कारागृह म्हटले की ते चार-पाच जिल्ह्यांमागे एक असणार, आणि बाईचे गाव त्यापासून दोनशे-तीनशे किलोमीटरवर. मराठवाड्यातल्या किंवा खानदेशातल्या शेतमजूर आईला मुलीची वीस मिनिटांची मुलाखत घ्यायला पुण्याला यायचे तर दोन दिवसांची मजुरी बुडते, एसटीचे भाडे उसने घ्यावे लागते आणि रात्र स्थानकावर काढावी लागते. सुरुवातीला येणारे महिन्याने येऊ लागतात, मग सणासुदीला, मग येईनासे होतात. म्हणजे जवळच्या लहान विभागात ठेवले तर सोयी नाहीत, आणि सोयींच्या ठिकाणी नेले तर माणसे तुटतात. माझे मत जवळच्या बाजूला झुकते. सोयी पैसे खर्चून नेता येतात. तुटलेले माणूस पैसे खर्चून आणता येत नाही.

माणसे केवळ अंतरामुळे तुटत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. नवरा तुरुंगात गेला तर बायकोने त्याची वाट पाहावी, दागिना मोडून वकील करावा, मुलांना घेऊन मुलाखतीच्या रांगेत उभे राहावे, हे आपल्याकडे तिचे कर्तव्य समजले जाते, आणि असंख्य बायका ते निभावतातही. बायको तुरुंगात गेली तर नवऱ्याकडून तशी अपेक्षा कोणी करत नाही. त्याने दुसरे लग्न केले तर ‘मुलांचे कोण पाहणार’ एवढे समर्थन गावाला पुरते. त्याहून अवघड भाग असा की अनेक खटल्यांत बाईचे कुटुंब बाहेर नसतेच. हुंडाबळीच्या किंवा सुनेच्या छळाच्या प्रकरणात सासू, नणंद, नवरा, दीर असे सगळे एकाच गुन्ह्यात आत जातात आणि घराला कुलूप लागते. नवऱ्याच्या खुनाच्या प्रकरणात सासर हेच फिर्यादी असते. तेथून जामीनदार येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उरते माहेर. तेथे आईवडील थकलेले, घर भावाचे आणि भावाच्या घरात त्याच्या मुलींच्या लग्नाची काळजी. आत्या तुरुंगात आहे हे सोयरिकीच्या वेळी पुढे येईल, ही भीती त्या घरातल्या कोणाच्याही दुष्टपणामुळे निर्माण होत नाही; आपण सर्वांनी मिळून ती निर्माण केलेली आहे. जमीन आणि घर बाईच्या नावावर क्वचितच असल्याने स्वतःच्या ऐपतीवर तिला बाहेर पडता येत नाही, आणि ज्यांची ऐपत आहे ते पुढे येत नाहीत.

कायदा याबाबतीत आंधळा आहे असे म्हणता येणार नाही. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात एका गवंडीकाम करणाऱ्या माणसाकडून दहा हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला होता आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारण्यात आली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाच्या ऐपतीचा विचार न करता मागितलेला जामीन म्हणजे जामीन नाकारणेच होय, अशा आशयाची भूमिका घेतली. याच कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली पुढे स्त्री कैद्यांविषयीची राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि १९८७ साली तिचा अहवाल आला. जामीन देताना आरोपी स्त्री असल्याचा विचार न्यायालयाने करावा, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्येही आहे. त्याच संहितेच्या कलम ४७९ नुसार यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्ची कैदी म्हणून काढला असेल तर तिची सुटका व्हायला हवी. जन्मठेप किंवा फाशीची तरतूद असलेले गुन्हे मात्र यातून वगळले आहेत. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन असे निर्देश दिले, की जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने गरिबांना मोफत वकील पुरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यातून सुरुवातीच्या नियमांनुसार जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड भरण्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकत असे.

कागदावर आणखी काय हवे, असे कोणाला वाटेल. परंतु या प्रत्येक तरतुदीला गती देण्यासाठी कोणीतरी माणूस लागते. अधीक्षकाने कळवले की नाही हे विचारणारे, प्राधिकरणात अर्ज पोचवणारे, योजनेच्या जिल्हा समितीपुढे प्रकरण ठेवले गेले का हे पाहणारे. शिवाय तरतुदींना चाळण्या आहेत. केंद्राच्या योजनेतून अमली पदार्थविरोधी कायद्याखालचे आरोपी वगळलेले आहेत. नवऱ्याने किंवा दलालाने हातात दिलेली गांजाची पिशवी घेऊन प्रवास करताना पकडलेल्या गरीब बाईला तिचा उपयोग नाही. कलम ४७९ चे पोटकलम असे सांगते, की एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका नाही. हे पोटकलम महाराष्ट्रात कोणावर आदळते? पारधी वस्तीतल्या बाईवर. परिसरात कोठे चोरी झाली की पोलीस आधी पालावर येतात आणि एकदा नाव नोंदले गेले की दुसऱ्या-तिसऱ्या गुन्ह्यात तेच नाव टाकणे सोपे जाते. पारध्यांसारख्या काही जमातींना जन्मावरूनच गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, परंतु सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांच्या रूपाने तोच संशय कायम राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातिभेद घटनाबाह्य ठरवला, कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये असेही बजावले. या निकालाचा अर्थ पालावर पोचण्याआधी कितीतरी जणी ‘अनेक गुन्हे’ या एका शब्दप्रयोगाखाली आत राहतील, आणि त्यांच्या वतीने बोलायला न्यायालयात कोणी नसेल.

बाहेर कोणी नसले की आत काय होते, याचा सर्वांत भीषण दाखला जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या कारागृहात मिळाला. शिक्षा भोगत असलेल्या आणि बराकीची देखरेख पाहणाऱ्या एका बाईने वाटपातील अंडी आणि पाव कमी पडल्याची तक्रार केली. त्यावरून तिला मारहाण झाली आणि तिचा मृत्यू झाला, असे फिर्यादीत नोंदले आहे. कारागृहातील सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. या घटनेनंतर संतापून निदर्शने करणाऱ्या दोनशेहून अधिक कैदी बायकांवर दंगलीचा गुन्हा नोंदवण्यात आला, हा तपशील मला त्या मृत्यूइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी पाहिले त्या साक्षीदार होत्या आणि त्याच आरोपी झाल्या. मारणाऱ्या बायका होत्या, हेही येथे नोंदवले पाहिजे. पहारा बायकांचा असला म्हणजे बायका सुरक्षित राहतात, हा भाबडा विश्वास त्या घटनेने पुसून टाकला. सुरक्षितता बाहेरच्या डोळ्यांमुळे येते.

याच मुंबईत शीला बर्से या पत्रकाराने सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्राने आणि त्यावरच्या १९८३ च्या निकालाने हे दाखवून दिले होते. त्यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून त्यांतील पाच जणींना पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे मांडले. न्यायालयाने निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन पाहणी करायला सांगितले आणि मग निर्देश दिले: स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी, अटक झाल्याबरोबर विधी साहाय्य समितीला कळवणे, आणि अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहून प्रत्येक कोठडीत लावणे. पत्रकार आत गेली, समाजकार्याची अभ्यासक आत गेली, म्हणून हे घडले. तुरुंगाच्या भिंती आतल्यांना रोखतात त्याहून अधिक बाहेरच्यांना रोखतात, आणि गेल्या काही वर्षांत संस्थांना आणि पत्रकारांना आत जाणे अधिकच कठीण झाले आहे, असे माझे निरीक्षण आहे.

रोजच्या जगण्यातील हाल या मानाने लहान वाटतील, परंतु ते रोजचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीला असे आढळले, की देशातील चाळीस टक्क्यांहून कमी तुरुंगांत स्त्रियांना सॅनिटरी नॅपकिन दिले जातात. जेथे मिळत नाहीत तेथे कँटीनमधून विकत घ्यायचे, आणि कँटीनच्या खात्यावर पैसे बाहेरून यायचे. साबण, तेल, अंतर्वस्त्रे, चष्मा यांचेही तेच. ज्या बाईची मनीऑर्डर येत नाही ती दुसऱ्या कैदीचे कपडे धुऊन, तिची झाडलोट करून, पाय दाबून या वस्तू मिळवते. तारखेला न्यायालयात नेण्याऐवजी दूरदृश्य यंत्रणेवर हजर करण्याची पद्धत रुळल्यापासून आणखी एक गोष्ट हिरावली गेली. न्यायालयाच्या व्हरांड्यात पोलीस पहाऱ्यातच, परंतु काही मिनिटे, मुलाला जवळून पाहता येत असे, वकिलाच्या कानात दोन शब्द घालता येत असत. पहाऱ्याची आणि गाडीची बचत झाली. तिचा हिशेब कोणी मांडला आणि कोणाच्या वतीने मांडला, हे विचारायला हवे.

मुलांचा प्रश्न मला सर्वांत जड वाटतो. २०२२ च्या अखेरीस देशात १,५३७ स्त्री कैद्यांबरोबर १,७६४ मुले तुरुंगात राहत होती. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात १३ एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांना सहा वर्षांपर्यंत आईजवळ राहता येईल, त्यांच्यासाठी पाळणाघर आणि बालवाडी असावी, वेगळा आहार असावा, शक्यतो प्रसूती बाहेरच्या रुग्णालयात व्हावी आणि जन्मदाखल्यावर तुरुंगाचा उल्लेख येऊ नये, असे सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका गर्भवती कच्च्या कैदी स्त्रीला प्रसूतीसाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तुरुंगातील वातावरणाचा परिणाम आईबरोबर बाळावरही होतो, हे त्या आदेशात मान्य केले आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु सहाव्या वाढदिवसानंतर काय? मूल नातेवाइकांकडे जाते किंवा बालकल्याण समितीमार्फत बालगृहात. ज्या वयात मुलाला आई म्हणजे काय हे पुरते उमजलेले असते त्याच वयात ताटातूट, आणि तीही एका दिवसात. बाहेर वाढणाऱ्या मुलांची संख्या आत राहणाऱ्यांपेक्षा खूप मोठी आहे आणि त्यांची नोंद कोठेही एकत्र सापडत नाही. बाईला अटक होते तेव्हा तिची मुले आता कोठे आहेत, त्यांना कोण जेवू घालते आहे, हा प्रश्न पंचनाम्यात विचारला जात नाही. मोठी मुलगी शाळा सोडून धाकट्यांची आई होते, आणि पुष्कळदा तिचे लग्न लवकर उरकले जाते. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, तुरुंगातील पालकांची मुले तिच्यासाठी पात्र आहेत आणि दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. तो अर्ज करायचा कोणी? कागदपत्रांवर सह्या करायला आई आत आहे आणि आजीला अंगठ्यापलीकडे काही येत नाही.

रॉय समितीच्याच पाहणीनुसार गज किंवा काच मध्ये न ठेवता आईला मुलांना भेटू देण्याची सोय केवळ गोवा, दिल्ली आणि पुदुच्चेरी येथे आहे. महाराष्ट्रात ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम कारागृह विभाग राबवतो. त्या दिवशी मुले आईच्या कुशीत बसू शकतात. उपक्रम चांगला आहे म्हणूनच तो वर्षातून कधीतरी होणारा सोहळा राहू नये, दर महिन्याच्या मुलाखतीची तीच पद्धत व्हावी. गोव्यासारख्या शेजारच्या राज्यात सुरक्षेला बाध न येता जे होते ते येथे का होऊ नये, याचे पटण्यासारखे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

शिक्षा झालेल्या बाईची स्थिती आणखी बिकट. आपल्याकडे १९५९ च्या नियमांपासून संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, यांची तरतूद आहे. रजेवर सोडायचे तर बाहेर तिला ठेवून घेणारा नातेवाईक हवा, त्याची हमी हवी आणि स्थानिक पोलिसांचा अनुकूल अहवाल हवा. गावातला अहवाल गावाच्या मताने बनतो. ‘बाई गावात आली तर शांतता बिघडेल’ एवढे वाक्य पुरते. ज्या बाईला कोणी ठेवून घेत नाही तिला रजा नाही. रजेवर जाऊन वेळेवर परतल्याचा इतिहास नाही म्हणून खुल्या कारागृहासाठी तिचा विचार लांबतो. येरवड्याला महिलांसाठी खुले कारागृह आहे, ही महाराष्ट्राची जमेची बाजू खरी. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसाहत उभारली, तेथे कैदी कुटुंबासह राहून शेती करत असत, आणि त्या प्रयोगाचा वारसा आपल्याकडे आहे. मात्र कुटुंबासह राहण्याचा तो लाभ पुरुषाला मिळाला, कारण त्याचे कुटुंब त्याच्यामागे आले.

सुटकेचा दिवस हा आनंदाचा असेल, असे आपण समजतो. न्यायालयाचा कागद कारागृहात पोचून सोपस्कार होईपर्यंत संध्याकाळ होते. अटकेच्या वेळी जप्त झालेला मोबाइल पोलिसांकडे किंवा न्यायालयात असतो, आधारकार्ड कोठे आहे माहीत नसते, पाठ असलेला एखादा क्रमांक बदललेला असतो. हातात थोडीबहुत मजुरी. अशा अवस्थेत अनोळखी शहरात दिवेलागणीला फाटकाबाहेर आलेल्या बाईला सर्वांत आधी कोण गाठेल, याचा अंदाज करणे अवघड नाही, आणि देहविक्रीच्या गुन्ह्यातून आत आलेल्या बाईला जुनीच माणसे न्यायला येतात. पुढच्या आठवड्यात कळते की रेशनकार्डावरून नाव कमी झाले आहे, झोपडी दुसऱ्याला दिली गेली आहे, घरकाम मिळवायचे तर सोसायटीत पोलीस पडताळणी मागतात, आणि जामिनाची अट म्हणून दर आठवड्याला ठाण्यात हजेरी लावायची तर मुकादम रोजंदारीवर ठेवत नाही. निर्दोष सुटलेलीलाही हे चुकत नाही. चुकीच्या खटल्यात अडकलेल्यांना भरपाई मिळावी म्हणून विधी आयोगाने २०१८ साली २७७ वा अहवाल दिला. त्यावर कायदा झाला नाही. तीन-चार वर्षे आत काढून निर्दोष ठरलेली बाई घरी जाते तेव्हा गाव तिला निकालपत्र मागत नाही. ‘जाऊन आलेली’ एवढीच तिची ओळख उरते.

तुरुंगातून आलेल्या बाईचे स्वागत कसे करावे हे मराठी समाजाला ठाऊक नाही, असे मात्र नव्हे. सविनय कायदेभंगात शिक्षा भोगून आलेल्या सत्याग्रही बायकांना ओवाळून घरात घेतले गेले. आणीबाणीत तुरुंगवास सोसलेल्या मृणाल गोरे यांना लोकांनी १९७७ साली लोकसभेत पाठवले, आणि प्रमिला दंडवते १९८० साली निवडून आल्या. कारणासाठी भोगलेली कैद आणि गुन्ह्यासाठी भोगलेली कैद एक नव्हे, हे मी जाणतो, आणि दोन्हींना एकाच मापाने मोजण्याचा माझा आग्रह नाही. परंतु यातून एवढे सिद्ध होते की तुरुंगवास हा आपोआप लागणारा डाग नाही. तो लावायचा की नाही हे समाज ठरवतो आणि घर ठरवते. ज्या बाईचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, किंवा जिने सांगितली तेवढी शिक्षा पुरी केली आहे, तिच्यावर तो जन्मभर ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने कोणाला दिलेला नाही.

यावर येणारा आक्षेप गंभीर आहे आणि तो मी हलका लेखत नाही. ज्यांची मुलगी सासरी जाळली गेली त्या आईवडिलांना तुरुंगातल्या सासूच्या हालांविषयी ऐकवणे क्रूर वाटू शकते. गुन्हा करताना बाई म्हणून हात थरथरला नाही, मग शिक्षेच्या वेळी बाईपणाची सवलत कशाला, असे ते विचारतील, आणि त्यांना तसे विचारण्याचा हक्क आहे. माझे उत्तर एवढेच की येथे शिक्षा कमी करण्याची मागणी नाही. न्यायालयाने सात वर्षे सांगितली असतील तर ती सात वर्षेच असावीत. दहा वर्षांची शिक्षा झालेल्या पुरुषाला रजा, मुलाखत, कँटीन, वकील आणि शेवटी घर मिळते, आणि सात वर्षांची शिक्षा झालेल्या बाईला यांपैकी काहीच मिळत नाही, तेव्हा तिची शिक्षा न्यायालयाने ठरवलेली राहत नाही. ती तिच्या भावाने, नवऱ्याने आणि गावाने वाढवलेली असते. पीडितेच्या आईवडिलांना न्याय मिळावा तो खटला वेगाने चालून आणि दोषी सिद्ध होऊन. निकालाशिवाय वर्षानुवर्षे कोणाला आत ठेवल्याने त्यांच्याही पदरात काही पडत नाही.

मग करायचे काय? टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पाठवून हेच काम करत आला आहे: घरच्यांचा पत्ता शोधणे, मुलांची चौकशी करणे, वकिलाशी गाठ घालून देणे, सुटल्यावर निवारा आणि काम मिळेपर्यंत सोबत राहणे. हे काम होऊ शकते हे तीन दशकांहून अधिक काळ सिद्ध झालेले आहे. ते एका संस्थेच्या बळावर आणि काही शहरांपुरते राहावे, ही शासनाची कुचराई आहे. ज्या ज्या कारागृहात महिला विभाग आहे तेथे कारागृह खात्याच्या अधिकाराबाहेरची, महिला व बालविकास विभागाला उत्तरदायी असलेली समाजकार्यकर्ती पूर्णवेळ पगारावर नेमली पाहिजे. तिला आत रोज जाण्याचा आणि बाहेर घरापर्यंत जाण्याचा अधिकार हवा. अटकेपासून पहिल्या आठवड्यात मुले कोठे आहेत याचा लेखी अहवाल तिने बालकल्याण समितीला द्यावा. जामीनदार नाही असे तिने लिहून दिले तर जातमुचलक्यावर, म्हणजे तिच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, सुटका हा नियम व्हावा आणि नकाराची कारणे न्यायालयाने नोंदवावीत. रजेच्या नियमांत नातेवाइकाच्या जोडीला शासकीय महिला वसतिगृहाची किंवा नोंदणीकृत संस्थेची हमी चालावी. सुटका सकाळी व्हावी, आणि हातात ओळखपत्र, बँकेचे पासबुक आणि रेशनकार्डासाठीचा भरलेला अर्ज असावा. येरवड्यात मे २०२२ पासून राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ नावाने कैद्यांना ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देणे सुरू केले. कैद्याच्या मजुरीवर बँक विश्वास ठेवू शकते, तर सुटून आलेल्या बाईच्या शिलाई यंत्रासाठी किंवा भाजीच्या गाडीसाठी तो विश्वास पुढे नेता येईल.

यासाठी महाराष्ट्राने दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. तुरुंग हा राज्यसूचीतला विषय आहे, रजेचे नियम राज्याचे आहेत, परिविक्षा अधिकारी आणि महिला राज्यगृहे राज्याच्याच विभागाची आहेत. सुरुवात कोठून करायची हेही शोधावे लागणार नाही. जामीन मंजूर होऊनही ज्या बायका आज भायखळ्यात, येरवड्यात आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या महिला विभागांत आहेत त्यांची यादी कारागृह अधीक्षकांकडे असते, आणि २०२३ च्या निर्देशांनुसार ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडेही पोचलेली असायला हवी. उच्च न्यायालयाने ती यादी दर महिन्याला मागवावी, प्रत्येक नावापुढे ती बाई अद्याप आत का आहे याचे कारण लिहून घ्यावे, आणि ‘जामीनदार नाही’ हे कारण यापुढे स्वीकारू नये.